पाणी जातं कुठे?

(पहाट. बोनेट उघडतं. टॉर्चचा उजेड कूलंटच्या पांढऱ्या बाटलीवर.)

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या या बाटलीवर मी मार्करने रेघा मारल्यात. प्रत्येक रेघेशेजारी तारीख. पहिली वरच्या खुणेला टेकलेली, दुसरी तिच्याखाली बोटभर, तिसरी आणखी बोटभर. दोन रेघांमध्ये दहा-दहा दिवसांचं अंतर. आणि गाडीखालची फरशी कोरडी ठणठणीत. एक थेंबही नाही.

गाडी १६ वर्षांची. माझ्याकडे आली तेव्हा दोन हातांतून गेलेली. इंजिनाचा आवाज गोड, पिकअप चांगला. पाणी तेवढं कमी व्हायचं. पहिले दोन महिने मी दर काही दिवसांनी पाणी घालत राहिलो. पाणी कमी झालं की भरायचं, एवढंच डोक्यात. ते जातं कुठे, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. सगळी गोष्ट त्या एका प्रश्नात होती.

(जुन्या तीनचाकी मोटारीचं चित्र.)

१८८८ साली बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला निघाल्या. नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार, रस्ता सुमारे १०० किलोमीटरचा. वाटेत त्यांना पुन्हा पुन्हा थांबून पाणी भरावं लागलं. त्या इंजिनाची रचनाच तशी होती: पाणी उकळायचं, वाफ होऊन उडायचं आणि जाता जाता उष्णता घेऊन जायचं. आजच्या गाडीत तेच पाणी बंद वाटेने फिरतं. ते संपायचं काही कारणच नाही. बाटलीतली पातळी थंडगरम होताना थोडी वरखाली होते, पण थंड इंजिनावर ती रोज त्याच रेघेवर यायला हवी. येत नसेल, तर कुठेतरी वाट फुटली आहे.

(वाहतुकीची कोंडी. तापमानाचा काटा.)

मग एका दुपारी कोंडीत अडकलो आणि काटा मधली रेघ सोडून वर निघाला. या काट्याचं एक आहे. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दामच स्थिर ठेवलेला असतो, आतलं तापमान दहा-पंधरा अंशांनी हललं तरी तो मध्यावरच राहतो. म्हणजे तो हलतो तेव्हा गोष्ट बरीच पुढे गेलेली असते. मी एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला, गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच, तोही थोडी उष्णता बाहेर टाकतो.

रेडिएटरच्या झाकणाला मात्र हात लावला नाही. हे फार महत्त्वाचं आहे. झाकणात स्प्रिंगची झडप असते, ती साधारण १ बार दाब धरून ठेवते. कुकरसारखंच. उघड्यावर पाणी १०० अंशांना उकळतं, या दाबाखाली १२० च्या आसपास. त्यात निम्मं कूलंट, म्हणजे पाण्यात मिसळायचं ते रंगीत द्रव्य, असेल तर त्याहूनही वर. आतला द्रव १०० च्या पुढे गेलेला असताना झाकण सैल केलं, तर दाब क्षणात सुटतो आणि तो द्रव वाफ होऊन तोंडावर, हातांवर उसळतो. फडकं धरून, हळूहळू, अर्धा फेरा फिरवून, असले प्रयोग करायचे नाहीत. तास जाऊ द्या, रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, हाताला कोमट लागू द्या, मग झाकण.

(गॅरेज.)

मेकॅनिकने बोनेट उघडायच्या आधी विचारलं, “काटा चढतो कधी, ते सांगा.” मी म्हटलं, कोंडीत चढतो, मोकळ्या रस्त्यावर खाली येतो. मग वारा मिळाला की भागतंय, म्हणजे आधी रेडिएटरचा पंखा बघायचा. उलट वेगात किंवा चढावर काटा चढत असता, तर आतून तुंबलेला रेडिएटर, पाणी फिरवणारा थकलेला पंप, अडकलेला थर्मोस्टॅट (पाणी तापलं की त्याची वाट उघडणारी झडप), ही मंडळी तपासावी लागली असती. गाडी कधी तापते यावरूनच अर्धं निदान होतं, आणि ते फक्त चालवणाराच सांगू शकतो.

इंजिन चालू ठेवून एसी लावला. पंखा फिरायला हवा होता, नाही फिरला. पंख्याला बॅटरीतून थेट वायर दिली, तर लगेच फिरला. मोटर ठीक होती, रिले, म्हणजे पंख्याची वीज जोडणारा स्विच, गेला होता. दहा मिनिटांचं काम. त्या दिवसापासून काटा शांत.

पातळी मात्र उतरतच राहिली. चौथी रेघ. पाचवी रेघ.

जुन्या गाडीत दोष बहुधा एकटा येत नाही. एकाने दुसऱ्याला झाकलेलं असतं. पंखा बंद, म्हणून कोंडीत तापमान वाढायचं, दाब वाढायचा, आणि आधीच झिजलेल्या कुठल्याशा जागेतून कूलंट जास्त जोराने बाहेर पडायचं. रिले बदलल्याने जोर कमी झाला, ती जागा तशीच राहिली.

इथे बरेच जण हात टेकतात आणि गळती बुजवणारी पावडर टाकतात. मी त्याच्या विरोधात आहे. ती पावडर गळती ओळखत नाही, अरुंद जागा ओळखते, आणि या पाण्याच्या वाटेतल्या सगळ्यात अरुंद नळ्या रेडिएटर आणि हीटरच्याच असतात.

मनात भीती होती हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधला सांधा बंद ठेवणाऱ्या पत्र्याची. ती फुटली की ज्वलनाचा वायू पाण्यात घुसतो किंवा पाणी सिलिंडरमध्ये जाऊन वाफ होऊन धुराबरोबर उडतं आणि खाली थेंब दिसत नाही. त्याची चाचणी साधी आहे. रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी बसवतात, आत निळा द्रव. इंजिन चालू करून वरची हवा त्यातून ओढायची. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड येत असेल तर निळ्याचा पिवळा होतो. आम्ही त्या नळीकडे टक लावून उभे होतो. पाच मिनिटं. निळा तो निळाच.

(दाबमापकाचा क्लोजअप.)

आता प्रेशर टेस्ट. इंजिन थंड. झाकणाच्या जागी हातपंप, आणि जुन्या झाकणावर छापलेला आकडा बघून तेवढाच दाब, म्हणजे १.१ बार. त्याहून जास्त भरला तर चांगले सांधेही फुटतील. मग थांबायचं. दहा मिनिटांत मापकाचा काटा १.१ वरून ०.८ वर आला. कुठेतरी नक्की सुटत होतं, तरी खाली फरशी कोरडीच. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन मेकॅनिक एकेक सांधा बघत गेला. होजची टोकं. रेडिएटरचे कोपरे. गालिच्याखालची ओल, कारण हीटर आत गळतो आणि तेव्हा काचेवर गोडसर वासाची चिकट वाफ धरते. काही नाही.

शेवटी आरसा वॉटर पंपाच्या पुलीमागे गेला.

(आरशातलं दृश्य, अगदी जवळून.)

काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं एक भोक. त्याच्या ओठावर वाळलेला गुलाबी पापुद्रा, खाली इंजिनाच्या अंगावर त्याच रंगाचा ओघळ. गरम धातूवर पाणी उडून जायचं आणि मागे फक्त कूलंटचा रंग उरायचा. म्हणून फरशी कोरडी.

हे भोक बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या दांड्यावर एक सील असतं, एका बाजूला कूलंट, दुसऱ्या बाजूला बेअरिंग. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता या वाटेने बाहेर पडावं, म्हणून ते. ते भोक बुजवायचं नाही. ते गळायला लागलं म्हणजे पंप बदलायची वेळ झाली.

या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनरही त्याच खेपेला बदलले. एकदा उघडलं की तिथपर्यंत पुन्हा जायला तेवढीच मेहनत पडते. निघालेला पंप हातात घेतला, तर त्याच्या पंख्याच्या कडा खाल्ल्यासारख्या, बोटाला खरखरीत. वर्षानुवर्षं नुसतं पाणी घातल्याचा हा परिणाम. कूलंट गोठण्या-उकळण्यापासून वाचवतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यातली गंजरोधक द्रव्यं काही वर्षांत संपतात आणि मग ॲल्युमिनियम उघडं पडतं, याकडे कुणाचं लक्ष नसतं.

थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात दोरीने टांगून तापवला, शेजारी थर्मामीटर. त्यावर शिक्का ८२ चा. पाणी ९० च्या पुढे गेलं तरी झडप मिटलेलीच. आतलं मेण आणि रबर म्हातारं होतं. अशा वेळी ‘काढूनच टाका, इंजिन थंड राहील’ असा सल्ला मिळतो. तो घेऊ नका. मग इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जळतं, आणि थंड इंजिन लवकर झिजतं. नवा बसवला.

होज बाहेरून धडधाकट दिसत होते, पण टोकाशी, क्लिपजवळ दाबले तर पाववड्यातल्या पावासारखे मऊ. एक उभा चिरला. आत लांबीच्या दिशेने बारीक भेगा. ते आतूनच सडतात.

मग धुणं. डिस्टिल्ड पाणी भरायचं, इंजिन तापवायचं, थंड झाल्यावर काढायचं. पहिल्यांदा चहासारखं निघालं. चौथ्या वेळी स्वच्छ. त्यानंतर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या जातीचं कूलंट, निम्मं-निम्मं. रंगावर जाऊ नका. हिरवा, गुलाबी, निळा, हे ज्याने त्याने ठरवलेले रंग आहेत, आणि दोन जाती मिसळल्या तर काही वेळा गाळ बसतो. जुनं कूलंट झाकणाच्या डब्यात भरून ठेवलं. ते चवीला गोड आणि पोटात गेलं तर प्राणघातक असतं. कुत्री चाटतात, लहान मुलंही. गटारात किंवा अंगणात कधीही ओतायचं नाही.

शेवटचं काम हवा काढण्याचं, आणि इथेच घाई होते. गाडीचं नाक चढावर, हीटर पूर्ण गरम, हवा सोडायचा ब्लीड स्क्रू सैल. आधी फुसफुस, मग बुडबुडे, मग सलग धार. स्क्रू बंद. पंखा दोनदा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं. वरचा होज गरम, खालचाही गरम. हीटरमधून एकसारखी ऊब.

(पुन्हा पहाट. तीच बाटली.)

जुन्या रेघा स्पिरिटने पुसल्या. एक नवी मारली, शेजारी तारीख. आज तिला चाळीस दिवस झाले. इंजिन रात्रभर थंड झालेलं. टॉर्च बाटलीमागे धरला की गुलाबी कूलंटची कड स्पष्ट दिसते. रेघेवरच आहे.