हाडाची जमीन आणि उंदराचे वय

अध्यक्ष महाशय आणि श्रोतेहो,

पत्रिकेत आजचा विषय ‘कर्करोग हाडात कसा उतरतो : प्राण्यांवरील प्रयोगांचा धडा’ असा छापला आहे. दिलेल्या पंचेचाळीस मिनिटांपैकी पहिली दहा शाल आणि नारळ यांत गेली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी जुनी तक्रार वेगळी आहे. वर्तमानपत्रात ‘उंदरांवर औषध यशस्वी’ अशी बातमी येते, परंतु तो उंदीर किती आठवड्यांचा होता हे कोणी छापत नाही. श्रोते आयते सापडले आहेत, तेव्हा आज ती तक्रार पुरती मांडून घेतो.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या तांबड्या मातीत भात पिकते आणि बैलहोंगलच्या काळ्या रानात कापूस. हे या भागातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. १८८९ साली लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रोगाच्या गाठी यकृतात पुष्कळ आणि प्लीहेत अगदी थोड्या असल्याचे त्यांना आढळले. दोन्हीकडे रक्त भरपूर जाते. म्हणजे रक्ताच्या ओघाने सगळा उलगडा होत नाही. कर्कपेशी हे बी आणि अवयव ही जमीन, असे त्यांनी मांडले. पाटाचे, म्हणजे रक्ताच्या वाटेचे, महत्त्व मात्र कमी लेखू नये : कण्याभोवतीच्या, झडपा नसलेल्या शिरांच्या जाळ्यातून प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यांत पोहोचू शकतो, हे बॅट्सन यांनी १९४० साली दाखवले.

आता माझी फजिती. उंदराच्या शेपटीच्या शिरेत कर्कपेशी टोचल्या, तर त्या वाटेत पहिल्यांदा लागणाऱ्या फुप्फुसातच अडकतात. त्यामुळे हाडात रोग हवा असेल, तर फुप्फुस टाळून हृदयाच्या डाव्या जवनिकेत, म्हणजे खालच्या डाव्या कप्प्यात, सुई घालावी लागते. १९८८ साली अर्ग्वेयो आणि सहकाऱ्यांनी ही रीत प्रसिद्ध केली. पंचवीस ग्रॅमसुद्धा न भरणारा प्राणी, वाटाण्याहून लहान हृदय आणि एक दशांश मिलिलिटर द्रवात लाखभर पेशी. सुई बरोबर जागी असली, तर लालभडक रक्त ठोक्यागणिक उसळते. काळपट रक्त आले, की आपण उजवीकडे शिरलो असे समजावे. माझे पहिले दोन आठवडे काळपट रक्तातच गेले. गणपतीच्या वाहनाशी असला व्यवहार करतो म्हणून आईने माझ्याशी अबोला धरला होता, तो प्रसंग इथे सांगत बसत नाही.

हात बसला, तोवर प्रयोगशाळेचे क्ष-किरण यंत्र बंद पडले. ते दुरुस्त होण्यास अडीच महिने लागले, आणि तेवढ्या काळात पाच आठवड्यांचे म्हणून आणलेले माझे उंदीर चार महिन्यांचे, चांगले थोराड झाले. हे थायमस ही रोगप्रतिकाराची ग्रंथी नसलेले, केसविरहित उंदीर; माणसाच्या पेशी ते परक्या म्हणून फेकून देत नाहीत. उंदीर तो उंदीर, वेळ घालवू नका, असे सगळ्यांचेच मत पडले. मीही टोचले. सुई अचूक, रक्त लालभडक, पेशी आधीच्याच. चार आठवड्यांनी छायाचित्रे काढली, तर दोन-तीन उंदीर वगळता बाकीच्यांची हाडे स्वच्छ होती. रोग रुजला नाही म्हणून खिन्न होणारा माणूस जगात दुसरा नसेल.

सुगीला गावी आलो, तेव्हा काकांनी विचारले, ‘काय करूलालास रे मुंबैत?’ मी सगळी कर्मकथा सांगितली. त्यांनी विळा खाली ठेवला नाही. ‘बी बघूलालास नुस्तं,’ ते म्हणाले, ‘रान कोन बघनार?’

काकांचा प्रश्न बिनतोड होता. पाच-सहा आठवड्यांच्या उंदराचे हाड झपाट्याने वाढत असते. वाढीच्या पट्टीजवळ नव्या रक्तवाहिन्या असतात, जुने हाड झिजते, नवे चढते, आणि कर्कपेशी नेमक्या तिथेच बस्तान बसवतात. त्या पीटीएचआरपी नावाचे प्रथिन सोडून हाड पोखरणाऱ्या पेशींना चेतवतात. पोखरलेल्या हाडातून टीजीएफ-बीटा नावाचे दुसरे प्रथिन सुटते आणि ते पुन्हा कर्कपेशींनाच पोसते. १९९६ साली गाइझ आणि सहकाऱ्यांनी त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे देऊन उंदरांतील हाडांची पोखरण कमी करून दाखवली. हे दुष्टचक्र खरेच आहे. पण ते कोवळ्या रानात पाहिलेले आहे, आणि आपल्या रुग्ण तर वाढ कधीच पुरी झालेल्या स्त्रिया.

अध्यक्षांनी चिठ्ठी सरकवली आहे : सहा मिनिटे. म्हणजे ज्यासाठी बोलावले, ते आता घाईनेच उरकावे लागणार.

झोलेड्रोनिक ॲसिड हे औषध हाडांची झीज थांबवते. ते दिल्याने स्तनाचा कर्करोग उलटणे थांबेल का, हे पाहणाऱ्या ‘अझ्युअर’ चाचणीत, २०११ साली, ३,३६० स्त्रियांमध्ये मिळून फायदा दिसला नाही. मात्र पाळी जाऊन पाच वर्षे उलटलेल्यांमध्ये दिसला. असे का? शेफील्डमधील संशोधकांनी वाढ पुरी झालेले उंदीर घेतले, काहींचे अंडाशय काढले, आणि २०१४ साली दाखवले की हाडात निपचित पडलेल्या पेशी अंडाशय काढल्यावर वाढू लागतात आणि ती वाढ हे औषध रोखते; अंडाशय शाबूत असलेल्यांत त्याचा तसा उपयोग नाही. पुढच्याच वर्षी १८,७६६ स्त्रियांच्या एकत्रित विश्लेषणात पाळी गेलेल्यांचा फायदा स्पष्ट झाला.

दुसरा मुद्दा डेनोसुमॅबचा, म्हणजे हाडांची झीज थांबवणाऱ्या आणखी एका औषधाचा. हे प्रतिपिंड, हाड पोखरणाऱ्या पेशींना चेतवणाऱ्या माणसाच्या रँकएल प्रथिनाला धरते, उंदराच्या नाही. त्यामुळे साध्या उंदरावर ते तपासताच येत नाही, त्यासाठी मानवी जनुक बसवलेला उंदीर लागतो. काहींनी उंदराच्या कातडीखाली माणसाच्या हाडाचा तुकडाही रोवून पाहिला आहे. म्हणजे रानच उचलून आणले. शिवाय प्रोस्टेटचा कर्करोग माणसात बहुधा हाड पोखरण्याऐवजी वेडेवाकडे वाढवतो, आणि उंदरांत वापरल्या जाणाऱ्या पीसी-३ नावाच्या प्रोस्टेटच्या कर्कपेशी नेमके उलटे करतात.

राहिला कुत्रा. प्रोस्टेटचा कर्करोग त्याला आपोआप होतो, हाडांत उतरतो आणि तिथे नवे हाडही घालतो. कुत्र्यांवरचे काम संथ आणि खर्चाचे आहे, हे मान्य. पण त्याला आम्ही आजारी पाडलेले नसते. तो कोणाच्या तरी ओसरीवर म्हातारा झालेला असतो.