गुणायचं का भागायचं?

(दृश्य: काळं रान, नांगरट झालेली. लांबून शाळेची घंटा.)

"सर, गुणायचं का भागायचं?"

लातूर जिल्ह्यातली एक शाळा, सहावीचा वर्ग. शाब्दिक उदाहरण फळ्यावर पुरतं उतरलेलंही नाही, तोवर हा प्रश्न येतो. उदाहरण असं: तात्यांचं रान 2 एकर 20 गुंठे. सोयाबीनचं बियाणं एकरी 30 किलो लागतं. तात्यांनी किती बियाणं आणावं?

निम्म्याहून जास्त वह्यांत एकच उत्तर आलं. 2.20 गुणिले 30, म्हणजे 66 किलो. गुणाकार अगदी बिनचूक. (खरं सांगायचं तर आमच्या कॅमेरामननंही मांडीवरच्या कागदावर 66च लिहिलं होतं.)

सर फळा पुसत नाहीत. नुसतं विचारतात, "एका एकरात गुंठे किती?"

"चाळीस!" हे सांगायला पुस्तक लागत नाही. बांधावरून घरात भांडणं झालेली पोरं आहेत ही.

"मग वीस गुंठे म्हणजे?"

वर्ग गप्प. मागच्या बाकावरून हळूच आवाज येतो, "अर्धा एकर."

चूक झाली ती त्या टिंबात. 2 रुपये 20 पैसे म्हणजे 2.20, कारण रुपयात शंभर पैसे. हाताला तीच सवय. एकरात मात्र गुंठे चाळीसच, म्हणून रान अडीच एकर. दोन एकराला साठ किलो, तीन एकराला नव्वद. अडीचाचं उत्तर त्यांच्या बरोबर मधे पडायला हवं: 75. एवढा अंदाज आधी घेतला असता, तर 66 दिसताच पेन थांबलं असतं.

(दृश्य: बांधावरून चालणारी मुलं.)

सर वर्गाला रानात घेऊन जातात. 66 किलो बियाणं कुठवर पुरेल? 2 एकर 8 गुंठ्यांपर्यंत. पुढचे 12 गुंठे रिकामे. एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद तुकडा. असे बारा तुकडे मुलं पावलांनी मोजतात, आणि वहीतली चूक पायाखाली येते.

बांधावर बसलेल्या आजीला कुणीतरी तेच उदाहरण घालतं. ती बोटंही मोजत नाही. "दोन तिसं साठ, वर पंधरा. पंच्याहत्तर." तिच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असायचे. तिला टिंब माहीत नव्हतं, म्हणून ती टिंबात अडकलीही नाही.

आता बियाण्याची सीलबंद बॅग 30 किलोची असेल तर? भागाकार म्हणतो, अडीच बॅगा. दुकानदार बॅग फोडून देत नाही. तात्यांना तीन घ्याव्या लागतात, पंधरा किलो उरतं. हिशेब संपला तरी प्रश्न संपलेला नसतो.

(दृश्य: रेल्वेची रिकामी रूळपट्टी.)

शेवटचं उदाहरण सरांनी रचलेलं नाही. एप्रिल 2016. लातूरचं पाणी संपलं होतं. मिरजेहून सुमारे 340 किलोमीटरवरून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला 10 वाघिणी (टाकीचे डबे), एकूण 5 लाख लिटर. 2011च्या जनगणनेत शहराची वस्ती 3 लाख 83 हजारांच्या आसपास. माणशी किती?

इथं भागायचंच, हे कुणाला विचारावं लागत नाही. माणशी सव्वा लिटरहून थोडं जास्त. तांब्याभर.

पुढे 50 वाघिणींची गाडी आली, 25 लाख लिटरची. माणशी साडेसहा लिटर. वर्गातल्या काहींची थोरली भावंडं तेव्हा नुकती शाळेत जायच्या वयाची होती. घागरी, रांगा यांच्या गोष्टी घराघरात आहेत.

पहिल्या बाकावरची मुलगी वही न उघडताच विचारते, "सर, ते पाणी रोज येत होतं का?"

सर तिच्याकडे बघतात. खडू उचलतात, आणि फळ्यावरच्या ‘साडेसहा लिटर’पुढे दोन शब्द वाढवतात: एका फेरीला.