बाग पाखरांनी लावली
(माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: मे महिन्यातली सकाळ. मातीचं परळ, भोवती पाखरं.)

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातलं एक गाव. गुरुजी आणि काकूंचं परस. सकाळचे साडेसहा. या परळावर सगळ्यात आधी होले येतात. त्यांचं पिणं नीट बघा. साळुंकी एक घोट घेते, मान वर करते, मग दुसरा घेते. होला चोच बुडवतो आणि मान न उचलता पाणी ओढूनच घेतो. उघड्यावर असं बसून पिणं जिवावरचं काम. म्हणून परळ बोरीच्या जाळीपासून चार हातांवर ठेवलंय. मांजर दिसलं की सगळे जाळीत. पाणी दोनच बोटं, मधे एक खडबडीत दगड. दगड मधमाशांसाठी, नाहीतर त्या बुडतात. काकू रोज सकाळी परळ घासून नवं पाणी भरतात.

इथं येणारे बरेच जण विचारतात, "बाग कुठंय?" आणि ते बागेतच उभे असतात.

(दृश्य: परसातून फेरी. वाळक्या फांद्या, त्यांच्याखाली आळी.)

गुरुजी निवृत्त झाले आणि घरामागच्या बारा गुंठ्यांत त्यांनी रोपवाटिकेतली रोपं आणून लावली. गुलमोहर, सुबाभूळ, शोभेची काही. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. फुलला की नजर हटत नाही, पण त्याच्या पानावर वाढणाऱ्या इथल्या अळ्या थोड्याच. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या वर्षी ही रोपं वाळली. त्याचं चित्रण आमच्याकडं नाही, पुढं जाऊ.

जगलं ते कुणी न लावलेलं. विजेच्या तारेखाली कडुलिंब उगवला होता, जुन्या बाभळीखाली बोर आणि चंदन. गुरुजी तिथं पायावर बसून बघत राहिले, आणि त्यांच्या ध्यानात आलं की ही सगळी रोपं पाखरांच्या बसण्याच्या जागेखाली आहेत. मृगाच्या सुमारास निंबोळ्या पिकतात. बुलबुल, साळुंक्या, कोकीळ त्या खातात आणि बी टाकतात. चंदनाचं पिकून काळं झालेलं फळ तर अख्खंच गिळतात. चंदनाला शेजार लागतो. त्याची मुळं दुसऱ्या झाडाच्या मुळांना चिकटून त्यातलं पाणी, अन्न ओढतात. मोकळ्या वावरात पडलेलं बी उगवलं तरी रोप बहुधा टिकत नाही. लिंबाखाली पडलं तर त्याचं नशीब. (चंदन म्हटलं की चोर आलेच, पण तो विषय इथं नको.)

मग गुरुजींनी झाडं विकत आणणं बंद केलं. पाच-सात वाळक्या फांद्या आणल्या आणि अंतरा-अंतरावर रोवल्या. या त्याच. पाखरू येऊन बसतं आणि उडायच्या आधी हलकं होतं. खाली आळं केलेलं. मोरीचं पाणी चर काढून तिथवर आणलेलं. रोप दिसलं की भोवती बोरीच्या काटेरी फांद्यांची बोराटी टाकायची, म्हणजे शेळी तोंड घालत नाही. यापलीकडं गुरुजींचं काम नाही. ते म्हणतात, "मी फक्त बसायला पाट मांडला."

लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्क्याच्याही आत आहे. पाखरांना जे काही आहे ते बांधावर, विहिरीवर आणि अशा परसात.

(दृश्य: पाऊस. कुंपणाकडेचा टाकळा, तरवड, रुई. लिंबोणीवरची अळी, जवळून.)

पहिल्या पावसानंतर टाकळा वर येतो. कोवळा असताना काकू भाजीला खुडतात, पण निम्माच. उरलेल्यावर पिवळी फुलपाखरं अंडी घालतात. रुईच्या पानावर ही पट्ट्यापट्ट्यांची अळी. रुईचा विषारी चीक ती अंगात साठवते, म्हणून पाखरं सहसा तिच्या वाट्याला जात नाहीत.

आणि ही लिंबोणीवरची. लहानपणी अगदी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते. कावळ्यानं बघितलं तरी पुढं जावं. मोठी झाली की हिरवीगार, पानात मिसळून जाते. काडीनं डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुपदरी शिंग बाहेर काढते, आणि काय तो वास! अंड्यापासून फुलपाखरू होईस्तोवर साधारण महिना. तेवढ्यात लिंबोणीचे कोवळे शेंडे साफ होतात. आम्ही काकूंना विचारलं, फवारत का नाही?

"कामून फवारू? खाऊ द्या की. खाऊन खाऊन किती खाईल ती?"

सगळ्या अळ्यांची फुलपाखरं होत नाहीत. ही शिंपिणीची चोच बघा. पानं शिवून केलेल्या घरट्यात तीन पिल्लं वाट बघतायत, आणि पिल्लांना दाणा चालत नाही, त्यांना अळीच लागते.

(दृश्य: विहीर, बाभळीची पाण्यावर झुकलेली फांदी, सुगरणीचे खोपे.)

या विहिरीच्या काठावर आम्ही नऊ दिवस बसलो.

नाव सुगरणीचं, पण खोपा विणतो नर. पिवळ्याजर्द डोक्याचा. शेजारच्या उसाच्या पानाला कडेशी चोच मारून हातभर लांब धागा ओढत उडतो. (उसाचा एवढा एकच उपयोग काकूंना मान्य आहे.) आधी फांदीला गाठी, मग कडं, मग कड्यावर छत. तिथंच तो थांबतो आणि अर्ध्या खोप्याला लटकून पंख फडफडवत ओरडतो. मादी येते, आत शिरते, ओढून बघते. पसंत पडला तर खाली अंड्यांची खोली आणि बाहेर पडायची नळी पूर्ण होते. नाही पडला तर खोपा तसाच लोंबकळत राहतो. इथं असे चार आहेत. आतल्या भिंतीला नर ओला चिखल थापतो. कशासाठी, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही.

काटे आणि खाली पाणी, म्हणून सापाला हा रस्ता अवघड. विहीर बांधून काढताना गवंड्यानं ही फांदी तोडायला सांगितली होती. गुरुजींनी गवंडी बदलला.

(दृश्य: हिवाळा. ज्वारीची कणसं, भोरड्यांचा थवा.)

ज्वारी निसवली की भोरड्या येतात, थेट मध्य आशियातून. हा थवा वळताना बघा. आता शिवारात सोयाबीनच फार. ज्यांची ज्वारी आहे ते गोफण घेऊन माळ्यावर उभे, आणि त्यांचंही खरंच आहे. इथं कुंपणाच्या कडेनं चार ओळी ज्वारी पाखरांच्या नावानं पेरलीय.

पानगळीचा पाचोळा झाडला जात नाही, जाळलाही जात नाही. त्यात हे सातभाई, एकेक पान उलथून खालचा किडा काढताना. गलका तर ऐकाच.

पाचोळ्यामुळं साप वाढले. शेजारी काही दिवस बोलत नव्हते, आता बोलतात.

(दृश्य: फाल्गुन. फुललेला पळस.)

पळसाला पान नाही, नुसतं फूल. भोरड्या परत निघण्याआधी इथं उतरतात. फुलात चोच खुपसून रस पितात, आणि कपाळाला पिवळे पराग लावून दुसऱ्या फुलाकडं जातात. खाली शिंजीर त्यांच्या गर्दीत वाट काढतोय.

(दृश्य: वाळक्या फांदीखालचं आळं. दोन पानांचं रोप.)

हे चित्रण शेवटच्या दिवशीचं. रोप कशाचं आहे, गुरुजींना सांगता आलं नाही. काकूंनी भोवती बोराटी टाकली आणि आत गेल्या.