लाइट, लघु आणि हळू

मंडळी, आज मी एकच विशेषण घेऊन आलो आहे: 'लाइट'. ग्वाल्हेरच्या आपल्या घरांत ते दिवसभर कानावर पडतं. बाड्यावरच्या बाजारात कापड घेताना 'लाइट कलर दाखवा', रात्री 'जेवायला काहीतरी लाइटच कर', मैफिलीनंतर 'शेवटी थोडं लाइट म्हणा'. विशेषण एकच वाटतं, पण इंग्रजीत ही मुळात दोन आहेत. दोन वेगळ्या कुळांत जन्मलेली, उच्चार झिजत झिजत एकाच रूपाला आलेली. जर्मनने ती अजून वेगळी ठेवली आहेत: हलक्याला 'लाइश्ट', उजेडाला 'लिश्ट'.

उजेडाच्या लाइटचं थोडक्यात सांगतो. लॅटिनमधला 'लुक्स' आणि संस्कृतातला 'रुच्', म्हणजे चमकणे, हे त्याचे सगेसोयरे. आपलं 'रुचणं' त्या 'रुच्'पासूनच आलं. 'लाइट कलर'मधला लाइट या कुळातला आहे. दुकानदार 'हल्का रंग दिखाऊँ?' असं विचारतो तेव्हा अर्थ बरोबर पोचतो, पण शब्द मात्र तो दुसऱ्या कुळातला उचलतो.

ते दुसरं कूळ वजनाचं, आणि माझा जीव त्याच्यातच अडकला आहे. या लाइटचा संस्कृतातला भाऊ म्हणजे 'लघु'. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधोमध जी आणि एच ही अक्षरं बसली आहेत. आज ती मुकी आहेत, पण चौदाव्या शतकातला इंग्रज तिथे घशातून खरखरीत 'ख'सारखा आवाज काढत असे. स्कॉटलंडच्या बोलीत तो अजून ऐकू येतो. मूळ भाषेतल्या ज्या वर्णाचा तिकडे हा आवाज झाला, त्याचाच इकडे 'लघु'तला घ झाला. म्हणून इंग्रजी संस्कृतातून निघाली असं कुणी सांगू लागलं तर मात्र मान डोलवू नका. संस्कृत शिकलेला इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स याने 1786 साली कलकत्त्यात मांडलं ते असं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच मुळातून आल्या असाव्यात, आणि ते मूळ कदाचित आज उरलेलं नाही. त्या बहिणी आहेत, माय-लेकी नव्हेत.

लघुचं जुनं रूप 'रघु'. ऋग्वेदात त्याचा अर्थ वेगवान, चपळ. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात दिलीप मुलाचं नाव ठेवताना गतीचाच धातू मनात धरतो, असं कालिदास सांगतो. म्हणजे आपल्या आळीतला प्रत्येक रघुनाथ या लाइटचा नातलग आहे. पुढे प्राकृतात घ चा ह झाला, 'लघु'चं 'लहु' झालं. मग ल आणि ह यांनी जागा बदलल्या आणि आपल्याला 'हलका' मिळाला, 'हळू'ही मिळाला. रघु म्हणजे चपळ आणि हळू म्हणजे संथ, दोन्ही एकाच शब्दाची लेकरं! पाऊल हलकं पडलं की आवाज होत नाही, आवाज न करता चालायचं तर सावकाश चालावं लागतं. अर्थ असा टप्प्याटप्प्याने सरकला असावा. 'लहान' मात्र यातला नाही. तो अभ्यासक 'श्लक्ष्ण'पासून आणतात, म्हणजे गुळगुळीत, बारीक. नुसत्या सारख्या दिसण्यावर नातं जुळवू नये ते यासाठीच.

लॅटिनमध्ये याच कुळातला 'लेव्हिस'. त्यातून लिव्हर, एलिव्हेटर आणि 'रिलीफ' आले. डॉक्टरांकडून आल्यावर आपण 'जरा रिलीफ वाटला' म्हणतो आणि आई 'हलकं वाटलं' म्हणते, तेव्हा शब्दांचं मूळही एकच असतं. फुप्फुसांचं इंग्रजी नाव 'लंग' हेही हलकेपणावरूनच पडलं. लघुचा जोडीदार गुरू, तर लेव्हिसचा जोडीदार 'ग्रॅव्हिस'. तोही गुरूचा सख्खाच. वृत्त मोजताना आपण जे लघु-गुरू मांडतो, तीच जोडी इंग्रजीत लेव्हिटी आणि ग्रॅव्हिटी होऊन बसली आहे. ग्रॅव्हिटीला 'गुरुत्व' म्हणणाऱ्याने अगदी नेमकं बोट ठेवलं.

पण वजन कमी असणं चांगलं की वाईट, यावर भाषांचं कधी एकमत झालं नाही. लघुपासून 'लाघव' आलं. त्यातून 'हस्तलाघव' म्हणजे हाताची सफाई आणि 'लाघवी' म्हणजे गोड, आर्जवी. त्याच घरातून 'हलकट' निघाला, 'हलक्या कानाचा'ही निघाला. इंग्रजीत तर ज्याची बोटं हलकी तो चोर! आपल्या वैयाकरणांनी मात्र लाघवाला डोक्यावर घेतलं. सूत्रात अर्धी मात्रा वाचली तरी त्यांना पुत्रजन्माचा आनंद होतो, असं त्यांच्याविषयी म्हणतात.

म्हणून 'लाइट म्युझिक' या शब्दाविषयी बोलल्याशिवाय मला राहवत नाही. हे ख्यालाचं गाव. 1918 साली इथे माधव संगीत विद्यालय सुरू झालं, घराण्याची तालीम त्याच्याही आधीपासूनची. अशा गावात ठुमरीला, भावगीताला 'लाइट' म्हणताना आवाजात किंचित 'हलकं' उतरतं. मला ते पटत नाही. चार मिनिटांत राग, शब्द आणि भाव बसवायचे, एकही स्वर जास्त लागू द्यायचा नाही, हे सूत्रं रचणाऱ्या वैयाकरण पाणिनीच्या जातीचं काम आहे. आकाशवाणीने 'सुगम संगीत' हा शब्द रुळवला, त्यात निदान अपमान नाही. पण लघुचंच लेकरू निवडायचं असेल, तर ठुमरीसाठी मी 'लाघव' निवडीन.