सुप्रसिद्ध, कुप्रसिद्ध आणि डोंगरीचे १०१ दिवस

पेपरात 'नामचीन' दिसलं की पुढचा शब्द वाचायचीही गरज नसते, गुंडच असणार. हिंदीत मात्र नामचीन शायर असतात, नामचीन डॉक्टर असतात, त्यामुळे दिल्लीकडचा कुणी कौतुकाने आपल्या डॉक्टरला नामचीन म्हणाला की पुण्याचा माणूस जरा दचकतोच.

(स्क्रीनवर जुनी कात्रणं)

शाळेत हे सगळं सोपं होतं. कीर्ती-अपकीर्ती, लौकिक-दुर्लौकिक, विख्यात-कुख्यात, जोड्या लावा आणि मार्क घ्या. बोलताना मात्र गंमत होते. 'या या, तुमची कीर्ती ऐकलीये' असं सासरी कुणी म्हणालं तर तो टोमणाच. बारशाला नाव ठेवतात, आणि एक अनुस्वार वाढला की नावं ठेवतात, ते मग जन्मभर चालू. आणि बदनामीची जोडीदार नेकनामी, ती तर आता बोलण्यातून गेल्यातच जमा, इंग्रजी अमलात निदान गव्हर्नरला तरी 'नेक नामदार' म्हणायचे. बदनामी मात्र रोज लागते ना, म्हणून टिकली.

(डोंगरी, मुंबई)

आता १८८२ सालात येऊ. केसरी निघून जेमतेम दीड वर्ष झालेलं, टिळक आणि आगरकर दोघंही पंचविशीतले. कोल्हापूरचे महाराज चौथे शिवाजी, त्यांचा छळ होतोय आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, अशी ओरड होती, काही पत्रंही हाती आली, त्या जोरावर केसरी आणि मराठा दोन्हीकडून बर्व्यांवर तुटून पडले. बर्व्यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला. पत्रं निघाली बनावट! माफी मागूनही ४ महिन्यांची साधी कैद झाली, रवानगी डोंगरीच्या तुरुंगात, त्यातले १०१ दिवस प्रत्यक्ष काढले. आगरकरांनी नंतर त्यावर अख्खं पुस्तकच लिहिलं.

म्हणजे कायद्याच्या हिशोबाने बघा, अब्रू गेली होती बर्व्यांची, ती कोर्टाने परत दिली, आणि दुसऱ्याची अब्रू घेणारे दोघं आत गेले. पण २६ ऑक्टोबरला ते सुटून बाहेर आले तेव्हा स्वागताला गर्दी लोटली, सत्कार झाले, आणि आज बर्व्यांचं नाव निघतं ते बहुतेक या खटल्यापुरतंच. मला विचाराल तर बर्व्यांवर जरा अन्यायच झाला, खटला जिंकूनही नाव मागे पडलं.

कायद्यातली शिक्षा अजूनही जास्तीत जास्त २ वर्षं साधी कैदच आहे. फक्त कलम ४९९-५०० जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६ आलं, आणि त्यात तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षाही देता येते. टिळक-आगरकरांच्या वेळी हा ऑप्शन नव्हता.