शेवटचा रंधा

मंडळी, नमस्कार. पंख्याचा आवाज मागच्यांना त्रास देत असेल तर सांगा. बंद करता येणार नाही, पण सांगा.

पत्रिकेवर विषय छापलाय 'रानातलं छोटं घर : बांधणी आणि पूर्तता'. 'पूर्तता' हा शब्द संयोजकांचा. मी फोनवर 'फिनिशिंग' म्हणालो होतो. पूर्तता म्हटलं की मला बँकेत केवायसीला बोलावल्यासारखं वाटतं. असो. जमीन, जोतं, छप्पर, भिंती, खर्च, परवानग्या असं सगळं क्रमानं सांगायचं मी कबूल केलंय. त्याआधी फक्त दाराचं सांगतो, पाच मिनिटांत.

घर मुळशीच्या पलीकडे, ताम्हिणीच्या अलीकडे. आतून बारा बाय सोळा, पुढे सहा फुटांची पडवी, मागे न्हाणी. मजूर म्हणजे मी, बायको आणि मे महिन्यात सापडेल तो भाचा. गवंडी लागला तिथे गवंडी लावला. 'सगळं स्वतःच्या हातानं बांधलं' म्हणणारा कोणी भेटला की लिंटल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, कोणी उचललं एवढंच विचारा.

या बारा बाय सोळाला सहा वर्षं लागली. पाहुण्यांसमोर आमची ही म्हणाली, शनिवारवाड्याचा पाया घातला 10 जानेवारी 1730 ला आणि वास्तुशांत झाली 22 जानेवारी 1732 ला. दोन वर्षं बारा दिवस! तारखा तिच्या तोंडपाठ आहेत, हे लग्नाआधी कळायला हवं होतं. पण मी म्हटलं, वास्तुशांत झाली म्हणजे वाडा झाला असं नाही. तट-बुरुज, नवे महाल, कारंजी, हे सगळं पुढे कितीतरी वर्षं चाललेलं होतं. पेशवे आधी राहायला गेले आणि मग फिनिशिंग करत बसले. माझं म्हणणंही तेवढंच आहे. आधी राहायला जा. एक पावसाळा, एक हिवाळा, एक उन्हाळा अर्धवट घरात काढा. शेवटचा रंधा त्यानंतर मारा.

मी हे उलटं केलं. त्याचंच हे दार.

मी चिंचवडला एका कारखान्यात टूलरूममध्ये 31 वर्षं काढली. आमच्याकडे मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे ढोबळ काम. तेव्हा दार मी कसं केलं असेल याची कल्पना करा. साडेसहा फूट उंच, पावणेतीन फूट रुंद, सागाच्या सहा फळ्या, कडेला कडा भिडवून गोंदानं चिकटवलेल्या. क्लॅम्प लावून दोन रात्री ठेवल्या. रंधा, मग पॉलिशपेपर, तोही तीन नंबरांचा. हात फिरवला तर जोड कुठे आहे ते कळत नव्हतं. एप्रिलमध्ये चौकटीत बसवलं आणि फट मोजली ती फीलर गेजनं, म्हणजे फटी मोजायच्या पातळ पात्यांनी. चारी बाजूंनी दीड मिलिमीटर. बोटाच्या टोकानं ढकललं की हवा दाबली जाऊन 'फुस्स' करत मिटायचं. मी ते दिवसातून वीस वेळा मिटलं असेल.

जुलैचा दुसरा शनिवार. पुण्यातून निघालो तेव्हा चांदणी चौकात भुरभुर. आता बघा, पुण्यात वर्षाचा पाऊस साधारण 700 ते 750 मिलिमीटर, आणि ताम्हिणीत पाच हजाराच्या वर. अंतर दोन तासांचंसुद्धा नाही. आपण पेठेत बसून जंगलातल्या घराचा नकाशा काढतो तो या 700 च्या हिशोबानं. तर पोचलो. कुलूप उघडलं, कडी निघाली, दार हलेना. खांदा लावला. लाथ घातली. ही पडवीत पोळीभाजीचा डबा धरून उभी, आणि एक अक्षर बोलत नव्हती. त्यानं जास्त त्रास होतो. शेवटी मागे जाऊन न्हाणीच्या खिडकीतून आत शिरलो. त्या खिडकीला झडपा बसवायच्या राहिल्या होत्या, चार खिळ्यांवर प्लायवुड मारलेलं होतं. ते काम वेळेत झालं असतं तर आम्ही त्या दिवशी घरी परत आलो असतो.

सोमवारी सकाळी तडक भवानी पेठेत, वखारीत. ओलं लाकूड दिलंत म्हणून वीस मिनिटं भांडलो. पावती काढली, ग्राहक मंच काढला. वखारवाला शांतपणे म्हणाला, "काका, ओलं असतं तर आकसलं असतं. फुगलंय ना? म्हणजे सुकंच दिलं होतं." मला ते उद्धट उत्तर वाटलं. ते संपूर्ण बरोबर होतं हे कळायला मला दीड वर्ष लागलं. त्याची माफी मी अजून मागितलेली नाही. त्या रस्त्यानं जात नाही. (हशा) हसू नका, तुमचीही अशी एकेक गल्ली असणार.

पुढे काय केलं? रंधा घेतला. बाहेर पाऊस आणि आत मी कड तासतोय. पुन्हा कटकट नको म्हणून चांगली सढळ हातानं तासली. दार छान लागू लागलं. डिसेंबरात गेलो, तर कडीच्या बाजूला हे एवढं भगदाड. आत दिवा लावला की बाहेरून उभी रेघ दिसायची. कडी कोयंड्यापर्यंत पोचेना. पालीचं एक कुटुंब ये-जा करायला लागलं होतं. मग मी दर महिन्याला फटीत रुपयाची नाणी सारून किती मावतात ते चौकटीवर पेन्सिलीनं लिहायला सुरुवात केली. जुलै : शून्य. ऑक्टोबर : चार. डिसेंबर : सहा, आणि तरी हलतात. फीलर गेज केव्हाच पुण्याला परत गेलं होतं.

जानेवारीत त्या फटीच्या मापाची पट्टी तासली आणि दाराला चिकटवली. पुढच्या जुलैत... बरोबर. पुन्हा न्हाणीची खिडकी. ती पट्टी मी आज पिशवीत आणलीय, शेवटी दाखवतो.

अखेर गावातल्या सुतारमामांना बोलावलं. सत्तरीपुढचे. त्यांनी दाराला हातही लावला नाही, लांबूनच विचारलं, "हे सगळं एकच लाकूड केलंत का? मग ते सगळं एकदमच फुगणार की."

गोष्ट एवढीच आहे. पोलाद तापलं की सगळीकडे वाढतं. लाकडाला उष्णतेपेक्षा हवेतली ओल महत्त्वाची, आणि तेही लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत. एकेक फळी पावसात एक-दोन मिलिमीटर रुंद होते. सहा फळ्या गोंदानं एक केल्या की सहा जणांची वाढ एकाच कडेला जमा होते. मामांनी माझं दार उभं चिरलं. हो, करवतीनं, माझ्यादेखत, जोडावरून. प्रत्येक फळीच्या कडेला खाच काढली, म्हणजे एकीची जीभ दुसरीवर चढेल. खाचांत रुंदी गेली, म्हणून एक फळी जास्त लागली. मागून दोन आडव्या पट्ट्या, एक तिरकी. खिळे प्रत्येक फळीच्या मध्यावर, कडेला एकही नाही. आता प्रत्येक फळी आपल्या जागी फुगते, शेजारणीला ढकलत नाही. उन्हाळ्यात फळ्यांमध्ये रेघा दिसतात, पण खाचेमुळे उजेड येत नाही.

आणि हे सगळं त्यांनी कधी केलं? भर ऑगस्टात. मी म्हटलं, मामा, पाऊस जाऊ द्या. ते म्हणाले, "पाऊस गेल्यावर ह्याचं खरं माप कुठनं मिळणार?"

हे ऐकल्यावर मला ल कॉर्बुझिएची केबिन आठवली. चंडीगडची आखणी करणाऱ्या या माणसानं 1952 मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी एक खोली उभारली, 3.66 मीटर चौरस, म्हणजे बारा बाय बारा फूट. बाहेरून ओंडक्यांची साल दिसते, आतून सगळं प्लायवुड. प्लायवुडचे थर एकाआड एक उभे-आडवे असतात, एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे ते फारसं हलत नाही. म्हणजे त्याला तेवढं कळत होतं. स्वयंपाकघर मात्र नाही! शेजारी खानावळ होती आणि तिकडे जायला खोलीतूनच दार. छोटं घर पुरतं कसं, असं विचारणाऱ्यांनी आधी शेजारी कोण आहे ते पाहावं. आमच्या शेजारी माकडं आहेत.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. आठ? बरं.

तर जमीन. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, 1948 च्या कुळकायद्यापासून. सातबाऱ्यावरचे इतर हक्क वाचा, 'वन' असा शेरा असला तर तिथेच थांबा. रस्ता नकाशावर आहे का ते पाहा. एजंटच्या बोटाच्या टोकावरचा रस्ता मोजू नका. बांधकामाची परवानगी आधी, पाया नंतर. यावर तासभर बोलायचं होतं.

जोतं. निदान दोन फूट. पडवीचे खांब मातीत पुरू नका, दगडी तळखड्यावर उभे करा. वाळवी दगडावरूनही चढते, पण तिला मातीची नळी बांधत यावं लागतं आणि ती नळी आपल्याला दिसते. आठवड्यातून एकदा झाडूनं मोडायची. जमिनीत पुरलेल्या खांबात ती आतून येते, दिसते तेव्हा खांब संपलेला असतो.

छप्पर. मंगलोरी कौलं, तीस अंशांचा उतार. मी पंचवीस धरला होता, वाऱ्यानं पाणी कौलाखाली उलटं चढलं, सगळी उतरवून वासे पुन्हा बसवले. एक मे महिना त्यात गेला. वळचण तीन फूट बाहेर काढा, पागोळ्या भिंतीपासून लांब पडल्या पाहिजेत. पाऊस पश्चिमेकडून मारतो, त्या भिंतीला खिडकी ठेवू नका. दृश्य कितीही सुंदर असलं तरी. गावातले लोक त्या बाजूला पावसाळ्यापुरत्या गवताच्या ताट्या बांधतात. मी पहिल्या वर्षी त्याला गबाळेपणा म्हणालो, दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडूनच बांधून घेतल्या.

भिंती. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची, रॅट-ट्रॅप म्हणतात. केरळात लॉरी बेकरांनी ही पद्धत खूप वापरली. साधारण पाव विटा वाचतात. आतला गिलावा पहिल्या पावसाळ्याआधी करू नका. ओल कुठून येते ते भिंत स्वतः काळे डाग पाडून दाखवते, त्या डागांभोवती खडूनं रेघ मारून तारीख घाला. फरशीचंही तेच. वर्षभर कोब्यावर राहा. मोरी कुठे हवी होती ते तेव्हाच कळतं. विजेचे बोर्ड तर...

खर्चाचा तक्ता राहिला. झेरॉक्स आणल्यात, बाहेर टेबलावर आहेत, एकेकच घ्या. आणि हो, न्हाणीच्या खिडकीला अजून प्लायवुडच आहे. झडपा तयार आहेत, तीन वर्षं माळ्यावर पडून आहेत. ही म्हणते बसवा आता. मी म्हणतो, ऑगस्ट येऊ दे.

ही ती पट्टी. पहिल्या रांगेतून मागे सरकवत न्या. डाव्या कडेला माझ्या रंध्याच्या खुणा आहेत आणि उजवीकडे मामांनी पटाशीनं उखडली तिथे दाराचा तुकडा निघालाय. गोंद मजबूत होता, एवढं तरी बघा. आणि कृपा करून परत द्या, घरी नोंद आहे.