वाट पाहणारा वाचक

मंडळाच्या अध्यक्षा, कार्यकारिणीचे सर्व सदस्य आणि मित्रहो,

परदेशात राहणाऱ्या येथील अनेक मराठी मंडळींना मराठीत लिहिण्याची इच्छा आहे, परंतु वेळ मिळत नाही, असे आपण निमंत्रणाच्या पत्रात लिहिले होते. या कारणावर माझा फारसा विश्वास नाही. सांगलीत आमचा लिहिणाऱ्यांचा एक लहानसा गट आहे. त्यात एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक आहेत, खतांचे दुकान चालवणारे एक गृहस्थ आहेत, शिक्षिका आहेत आणि घरातले सगळे आवरून रात्री वही उघडणाऱ्या एक आजी आहेत. सर्वांत कमी मोकळा वेळ आजींना असतो आणि सर्वांत नियमित त्याच लिहितात. ठरलेल्या दिवशी आपल्या पानाची कोणीतरी वाट पाहणार आहे, ही खात्री असली की माणूस वेळ काढतो, आणि ती नसली की भरपूर सवड असूनही वही मिटलेलीच राहते, असे मी वारंवार पाहिले आहे.

आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात, शेटफळे येथे जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९५५ च्या रामनवमीला, म्हणजे १ एप्रिल रोजी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे प्रसारण सुरू झाले आणि पुढे वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते श्रोत्यांपर्यंत पोहोचली. त्यांच्या प्रतिभेची गोष्ट बाजूला ठेवू, ती आपल्या हाती नाही; परंतु त्या योजनेची बांधणी मात्र कोणालाही उचलता येईल अशी आहे. प्रसारणाची वेळ ठरलेली, त्याआधी सुधीर फडके यांनी चाल लावायची, गायक-वादकांनी तालीम करायची आणि घरोघरी माणसे रेडिओपाशी बसलेली, अशा स्थितीत ‘या आठवड्यात काही सुचले नाही’ असे म्हणण्याची सोयच कवीला नव्हती. शिवाय कथा सर्वांना ठाऊक होती. पुढे काय लिहावे हा प्रश्न नव्हता. कोणता प्रसंग निवडावा आणि तो कोणाच्या मुखातून सांगावा, एवढेच ठरवायचे होते. तारीख पक्की आणि विषय आखलेला, या दोन गोष्टींमुळे लेखनाचे निम्मे ओझे उतरते. ‘रोज काहीतरी लिहीत जा’ या उपदेशात यांपैकी एकही नाही, त्यामुळे तो मुख्यतः वह्या विकणाऱ्यांच्या उपयोगी पडतो.

आमच्या गटात दर पंधरवड्याला एकच विषय सर्वांना दिला जातो आणि प्रत्येकाने एक पान लिहायचे असते. ते पान लेखकाने स्वतः वाचायचे नाही, शेजाऱ्याने मोठ्याने वाचायचे. स्वतःचे लेखन वाचताना आपण वाक्यातला खड्डा आवाजाने भरून काढतो. परक्याची जीभ तिथे अडखळते आणि दोष आपोआप उघडा पडतो. ऐकणाऱ्यांनी ‘छान’, ‘आवडले’ असे म्हणायचे नाही. कुठे लक्ष उडाले आणि कुठे काही डोळ्यांपुढे उभे राहिले नाही, एवढेच सांगायचे.

एकदा विषय होता हळद. आमच्या वाहकांच्या पहिल्या मसुद्यात पिवळे सोने, जगप्रसिद्ध बाजारपेठ, सांगलीचा अभिमान, असे सर्व काही होते. खतवाल्यांनी त्यांना एकच प्रश्न विचारला : हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीतल्या कोठारात, हळद नेमकी ठेवत कशी? कृष्णा-वारणेच्या संगमाजवळचे हे गाव सांगलीला लागूनच आहे, तिथल्या पेवांचे नाव ऐकले नाही असा सांगलीकर सापडणार नाही, पण उत्तर कोणालाच नीट देता येईना. मग आमचे वाहक हरिपूरला गेले आणि पेवात उतरून काम केलेल्या वृद्ध हमालांशी बोलून आले. जमिनीत खोल खणलेले, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असे ते कोठार भरल्यावर मातीने कसे बंद करत, उघडल्यावर आतली हवा श्वास घेण्याजोगी नसल्यामुळे लगेच कोणी का उतरत नसे, कंदील आत सोडून ज्योत टिकते की नाही हे आधी कसे पाहत, २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले तेव्हा काय झाले, हे सारे दुसऱ्या मसुद्यात आले. तिसऱ्या मसुद्यात त्यांनी सुरुवातीचे दोन परिच्छेद काढून टाकले आणि पान थेट कंदिलापासून सुरू केले. त्यात एकही विशेषण शोभेसाठी उरले नव्हते. लेखन सुधारले ते शब्दसंग्रह वाढल्यामुळे नव्हे, चौकशी केल्यामुळे.

पुन्हा लिहिण्याचा कमीपणा मानणाऱ्यांना मी वाईची आठवण करून देतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली सातारा जिल्ह्यातील त्या गावी मराठी विश्वकोशाचे काम चालले आणि १९७६ साली पहिला खंड प्रसिद्ध झाला. तिथे तज्ज्ञांनी लिहिलेल्या नोंदीही संपादकांच्या हातून गेल्याशिवाय छापल्या जात नसत.

आता येथील लेखनाविषयी. परदेशातून आलेली बरीच पाने माझ्या वाचनात येतात आणि ती बहुतेक कास पठारावरची फुले व साताऱ्याचे कंदी पेढे यांच्यापाशी थांबतात. पेढ्यांविषयी माझी तक्रार नाही. परंतु आपल्यापैकी कोणी रुग्णालयात रात्रपाळी करतो, कोणी मालवाहू ट्रक चालवतो, कोणी परक्या भाषेच्या शाळेत गणित शिकवते, आणि या कामांचे बारकावे मराठीत फार थोडे उतरले आहेत. ते लिहायला आठवणींची गरज नाही, उद्या सकाळी डोळे उघडे ठेवून कामावर गेले तरी पुरे.

म्हणून माझी एक सूचना आहे. चार-पाच जणांचे गट करावेत आणि महिन्यातून दोनदा पानांची देवघेव करावी; आमचा सांगलीचा गट आपल्या प्रत्येक गटाशी पाने बदलून वाचण्यास तयार आहे. पहिला विषय आपल्या कामाच्या दिवसातला कोणताही एक तास हा असावा. ज्यांना यात यायचे आहे त्यांनी आज भोजनापूर्वी कार्यवाहांकडे नाव द्यावे. देवनागरी टंकलेखन जमत नसेल, तर हाताने लिहिलेल्या पानाचे छायाचित्र पाठवले तरी चालेल.